काळा माठ की लाल माठ? आठवीच्या पोरांनी प्रयोग कसा आखला

आमच्या अकोला जिल्ह्यात मार्च लागला की रस्त्याच्या कडेला माठ मांडलेले दिसायला लागतात आणि दरवर्षी घराघरात तोच वाद, काळा घ्यायचा की लाल. यंदा तो आठवीच्या वर्गात निघाला आणि पोरांचे सरळ दोन तट पडले. "मॅडम, काया माठातलं पाणी जास्त थंडं राह्यते, माही आजी सांगते ना," असं एक पोरगी ठासून सांगत होती आणि मागच्या बाकावरचा एक जण म्हणत होता की काया रंग तं ऊन ओढते, मंग थंडं कसं राहीन? दोघांकडेही कारण होतं, दोघंही खरे वाटत होते, आणि पुस्तकात उत्तर नव्हतं. माझ्यासाठी तेच सगळ्यात भारी होतं. विज्ञान प्रदर्शनासाठी काय करायचं हे ठरायचंच होतं, म्हटलं हेच घेऊ.

प्रदर्शनात सगळीकडे जे दिसतं ते मॉडेल असतं. थर्माकोलची सूर्यमाला, व्हिनेगर आणि सोड्याचा ज्वालामुखी, पवनचक्की. ते बनवायला पोरांना मजा येते, हात चालतात, त्यात वाईट काही नाही. पण मॉडेल करताना उत्तर आधीच माहीत असतं. प्रयोगात उत्तर माहीत नसतं, आणि आपला अंदाज चुकू शकतो ही भीती पोटात असते, आणि ती भीती पोरांना शाळेत एकदा तरी अनुभवायला मिळालीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. १९९३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेसमध्ये १० ते १७ वयाच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन काम करायचं असतं, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना कृती संशोधन करावं लागतं, म्हणजे वाट आहे, फक्त बऱ्याच शाळांमध्ये प्रयोग म्हणजे पुस्तकातल्या कृतीचे पाच टप्पे वहीत उतरवणं एवढंच उरलंय.

तर प्रश्न होता, काळ्या माठात पाणी जास्त गार होतं का. ऐकायला अगदी सोपा प्रश्न, पण फळ्यावर लिहिला आणि पोरांना म्हटलं आता याच्यातल्या एकेका शब्दाला पकडा. गार म्हणजे किती, कधी मोजायचं, सकाळी की दुपारी, पाणी भरल्यावर किती वेळाने, हाताला गार की थर्मामीटरवर गार? माठ किती मोठा, किती भरलेला, सावलीत की वाऱ्यात? कोणी म्हणालं झाकण ठेवायचं की नाही, कोणी म्हणालं नवा माठ की जुना, कारण घरचा जुना माठ आता पाणी गारच करत नाही. एक मुलगी जरा हळूच म्हणाली की आमच्याकडचा काळा माठ लय पातळ हाय आणि काकाकडचा लाल जाड हाय, मंग रंगानं फरक पडला का जाडीनं, हे कसं कळन? मी खडू खाली ठेवला आणि वर्गाला म्हटलं, हिनं आत्ता जे विचारलं ना, ते आधी सोडवू, बाकी सगळं नंतर.

कारण खरी गोम तीच आहे. बाजारातून एक काळा आणला, एक लाल आणला, पाणी भरलं, तापमान घेतलं, काळ्यात दोन अंश कमी आलं, तर सिद्ध काय झालं? फक्त एवढंच की हा माठ त्या माठापेक्षा जास्त गार करतो. ते रंगामुळे, जाडीमुळे, मातीमुळे की तो खिडकीजवळ होता म्हणून, काहीच सांगता येत नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या की जे काही होईल त्याचं श्रेय चौघींनाही देता येतं. म्हणून बदलायची ती एकच गोष्ट, बाकी सगळं शक्य तितकं सारखं, आणि जे सारखं करताच येत नाही ते निदान मोजून लिहून ठेवायचं. पुस्तकात याला चल, नियंत्रित चल असं सगळं असतं आणि परीक्षेत पोरं ते पाठ करून लिहितातही, पण माठासमोर उभं राहिल्यावर ते शब्द एकदम कामाला लागतात.

मग आम्ही जवळच्या कुंभाराकडे गेलो. ही गोष्ट मी कुणालाही सांगेन की प्रयोग आखण्याआधी ती वस्तू बनवणाऱ्या माणसाला जाऊन भेटा. दादांनी दाखवलं की माती दोन्हीला तीच, तिच्यात राख आणि घोड्याची लीद मळलेली, चाकावरून उतरवल्यावर आत दगडी गोळा धरून बाहेरून थापीनं थापटत थापटत माठ मोठा आणि पातळ करत नेतात. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक पोकळी राहते, त्यातूनच पाणी झिरपतं. आणि रंगाचं म्हणाल तर भाजताना हवा खेळती ठेवली की मातीतलं लोह तांबडं होतं, शेवटी धूर कोंडून भट्टी बंद केली की तोच माठ काळा निघतो. पोरं बघतच राहिली. म्हणजे रंग हा वेगळ्या मातीचा नाही तर भाजण्याचा फरक, निदान इथं तरी. आणि थापी हातानं चालते म्हणून एकाच दिवशीच्या दोन लाल माठांची जाडीसुद्धा तंतोतंत सारखी नसते, हे दादांनीच सांगितलं.

याच्यामुळे आराखडाच बदलला. एकास एक नाही, एकाच कुंभाराकडचे एकाच मापाचे तीन लाल आणि तीन काळे. कारण तीन लाल माठांमध्ये आपापसातच किती फरक पडतो हे कळल्याशिवाय लाल आणि काळ्यातला फरक मोठा की छोटा हे ठरवणार कसं? आणि सातवं भांडं स्टीलची कळशी, तेवढंच पाणी, तसंच झाकण. कळशीतून पाणी झिरपत नाही, त्यामुळे माठ नसता तर पाण्याचं काय झालं असतं हे ती सांगते. पोरांना आधी कळशी फालतू वाटली, "तिच्यात तं गरमच राहीन ना मॅडम," पण किती गरम, हे आकड्यात लागतं. त्या आकड्याशिवाय माठाच्या आकड्याला अर्थ नाही.

सगळे माठ आधी एक दिवस पाण्यात भिजवून घेतले, सगळ्यात तीन-तीन लिटर पाणी, तेही एकाच टाकीतलं, सगळे तिवईवर म्हणजे बुडालाही हवा लागेल. जागा शाळेचा व्हरांडा, पण व्हरांड्याच्या एका टोकाला वारा जास्त येतो, मग रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून कोणता माठ कुठं ते ठरवायचं. ही चिठ्ठीची कल्पना पोरांना फार आवडली, आणि तिचं कारणही त्यांनीच सांगितलं, की आपण ठेवायला गेलो तर ज्याला काळा जिंकायला पाहिजे तो काळा वाऱ्यात ठेवीन. बरोबर आहे, मुद्दाम नाही केलं तरी हात तिकडेच जातो.

थर्मामीटरवर जरा थांबते, कारण शाळेच्या प्रयोगात सगळ्यात जास्त माती इथंच होते. प्रयोगशाळेतले सगळे थर्मामीटर काढले आणि एकाच बादलीत एकदम बुडवले. पाणी एक, बादली एक, आणि तरी सगळ्यांचं वाचन एक नाही! एक तर सरळ दीड अंश जास्त दाखवत होता. आता हा थर्मामीटर जर काळ्या माठात गेला असता तर काळा माठ बिचारा उगाचच हरला असता. प्रत्येकाला चिकटपट्टी लावून नंबर दिला, कोणता किती जास्त-कमी ते लिहून ठेवलं, आणि नंतर शक्य तितकं एकाच थर्मामीटरनं सगळी भांडी मोजायची असं ठरलं. शिवाय माठातलं गार पाणी खाली बसतं म्हणून मोजायच्या आधी डावानं ढवळायचं, फुगा पाण्यातच ठेवून वाचायचं, बाहेर काढून नाही, आणि डोळा पाऱ्याच्या किंवा लाल रेषेच्या अगदी समोर. आमच्या थर्मामीटरवर एक-एक अंशाच्याच खुणा आहेत, तेव्हा "२४.३ अंश" असं कोणी लिहिलं तर ते खोडायचं, अर्ध्या अंशापर्यंत अंदाज चालेल, त्याच्या पुढचं काल्पनिक.

आणि वजनाचा काटा. एका मुलाच्या वडिलांचा भाजीचा गाडा आहे, त्यांनी दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा दिला, भल्या माणसानं सकाळी धंद्याच्या आधी आणि दुपारी धंदा मंद असताना. वजन कशाला? कारण माठ गार करतो तो पाणी उडून जातं म्हणून, हे पोरांनी धड्यात वाचलेलं होतं. ते खरं असेल तर ज्या माठाचं वजन जास्त घटेल त्यातलं पाणी जास्त गार निघालं पाहिजे, रंग कोणताही असो. हा एका मुलीचा अंदाज आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगातलं सगळ्यात सुंदर वाक्य, कारण ते चुकू शकतं. जास्त वजन घटलेला माठ जर कमी गार निघाला तर अंदाज गेला, पळवाट नाही. "माठ पर्यावरणाला चांगला असतो" हे वाक्य असं कधीच चुकत नाही, म्हणून त्याच्यावर प्रयोगही होत नाही.

सगळ्यांनी आपापले अंदाज कारणासकट कागदावर लिहिले, खाली सही आणि तारीख, आणि ते कागद मी कपाटात ठेवले. हे सुरुवातीलाच करायचं, पहिलं वाचन घ्यायच्या आधी. नंतर केलं तर माणूस "मला तर आधीच माहीत होतं" म्हणतो आणि ते त्याला खरंच वाटत असतं, मोठ्यांनाही वाटतं.

मग मोजायला लागलो, मार्च सरेपर्यंत मोजत होतो. एका दुपारची नोंद सांगते म्हणजे कल्पना येईल. सकाळी आठला सगळ्या भांड्यांत पाणी २९ अंश. दुपारी दोनला व्हरांड्यातली हवा ३७, कळशीतलं पाणी ३४, आणि माठांमधलं २४ ते २६. पण गंमत अशी की त्या २४ ते २६ मध्ये लाल आणि काळे मिसळून बसलेले! सगळ्यात गार एक लाल, त्याच्या खालोखाल एक काळा, सगळ्यात कमी गार पण लालच. तिघा लाल माठांमध्ये आपापसातच दोन अंशांचा फरक आणि लाल-काळ्याच्या सरासरीत अर्धा अंश इकडे-तिकडे, तोही रोज एकाच बाजूला नाही. थोडक्यात रंगाबद्दल आमच्या माठांवरून काही सांगता येत नाही. काही पोरांचं तोंड उतरलं, कारण प्रदर्शनात "काळा जिंकला" असं लिहायचं होतं. मी म्हटलं अरे हे उत्तर आहे, चांगलं भक्कम उत्तर आहे, आपण इतकं नीट मोजलं म्हणून तर म्हणता येतंय की रंगाचा फरक असलाच तरी माठामाठातल्या फरकापेक्षा लहान आहे. एकच काळा आणि एकच लाल घेतला असता तर आज छातीठोक काहीतरी चुकीचं लिहून मोकळे झालो असतो.

वजनाचा अंदाज मात्र टिकला. जास्त घट तो जास्त गार, बहुतेक दिवशी तोच क्रम.

मग आकडेमोड आली आणि वर्ग परत जागा झाला. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशानं बदलायला लागते ती उष्णता एक कॅलरी, आणि ३० अंशाच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. आमच्या एका माठातून दुपारपर्यंत १०० ग्रॅम पाणी उडालं, म्हणजे ५८,००० कॅलरी. माठात पाणी ३००० ग्रॅम, भागा. उत्तर येतं १९ अंश. म्हणजे २९ चं पाणी १० वर जायला पाहिजे होतं, फ्रिजमधल्यासारखं! आलं २४-२५ वर. मग बाकीचं गारपण गेलं कुठं? एकदम शांतता, आणि मग मागच्या बाकावरून, "मॅडम, बाहेरून गरमी आत येत राह्यते ना सारखी." येतच राहते, हवा ३७ अंशांवर आहे, माठ २५ वर आहे, उष्णता भिंतीतून आत घुसणारच. म्हणजे माठ दिवसभर एकीकडून उष्णता बाहेर टाकत असतो आणि दुसरीकडून ती आत येत असते, आणि दोन्ही जिथं बरोबरीला येतात तिथं पाणी थांबतं.

ते नेमकं कुठं थांबतं, याचीही खालची हद्द मोजता येते. एका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळायचं, त्याचं दुसरं टोक वाटीतल्या पाण्यात, आणि पुठ्ठ्यानं वारा घालायचा. आमच्या व्हरांड्यात हा ओल्या फडक्याचा थर्मामीटर २१ वर जाऊन थांबला. कोणताही माठ याच्या खाली जाणार नाही असा नवा अंदाज लिहिला आणि एकही गेला नाही. कोरडी हवा असली की हा आकडा खूप खाली येतो. माझं माहेर रत्नागिरीचं, तिथं माठाचं पाणी असं गार लागत नाही आणि लहानपणी मला वाटायचं आमचे माठच बरे नाहीत, पण हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ओलं फडकं २८ लाच थांबतं, आणि अकोल्यात ४२ अंश, १५ टक्के असेल तर साधारण २२ ला. नऊ अंश जास्त तापलेल्या गावात पाणी सहा अंश जास्त गार होऊ शकतं. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा पोरांना लय अभिमान वाटला आपल्या उन्हाचा, आणि मलाही त्यांच्याइतकाच आनंद झाला.

तरी एकानं खोडा घातलाच. म्हणे बाष्पीभवनामुळेच गार होतं कशावरून, मातीच थंडी असते असं आजोबा म्हणतात. उत्तम शंका. त्यासाठी एक लाल माठ रिकामा करून वाळवला, बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात दिले, छिद्रं बंद, पुन्हा तीन लिटर पाणी. माती तीच, आकार तोच. दुपारी त्यातलं पाणी कळशीच्या आसपास! टाळ्या पडल्या, पण ती पातळ-जाडवाली मुलगी हलेना, म्हणे पेंटचा थर बसून माठ जाड झाला म्हणून असन तं?

तेव्हा मी त्यांना फ्रांचेस्को रेदीची गोष्ट सांगितली. १६६८ साली या इटालियन डॉक्टरनं मांस काही बरण्यांत उघडं ठेवलं आणि काही बरण्या घट्ट बंद केल्या, उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत नाही. तेव्हा लोक मानायचे की सडक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात. रेदीच्या बंद बरण्यांवर आक्षेप असा की हवाच आत गेली नाही, मग अळ्या होणार कशा? मग त्यानं बरण्यांच्या तोंडाला बारीक जाळीचं कापड बांधलं, हवा जाईल पण माशी जाणार नाही. मांसात अळ्या नाहीत, आणि माशांनी अंडी घातली ती वर कापडावर. पहिल्या दोन बरण्यांपेक्षा ही कापडाची बरणी मला जास्त आवडते, कारण ती समोरच्याचा आक्षेप ऐकून घेऊन, त्याला मान देऊन बांधलेली आहे.

पोरांनी गोष्ट ऐकली आणि आपली कापडाची बरणी शोधून काढली: पेंट नको, नुसती प्लॅस्टिकची पिशवी. भिजलेला माठ पाणी भरून पिशवीत गुंडाळून तोंड बांधायचं, म्हणजे वाफ बाहेर जायला जागा नाही, आणि दुपारी पिशवी काढून टाकायची. माठ तोच, जाडी तीच, दिवस तोच. पिशवीत असेपर्यंत पाण्याचं तापमान चढत गेलं, काढल्यावर तासाभरातच खाली यायला लागलं. त्या मुलीनं स्वतः तीन वेळा ढवळून वाचलं आणि मग वहीत लिहिलं, "आता पटलं." आजोबांचा मुद्दाही वाया गेला नाही, कारण ही छिद्रं मातीतच तर असतात.

प्रदर्शनात आमच्या टेबलावर चकचकीत काही नव्हतं, माठ, कळशी, फडकं गुंडाळलेला थर्मामीटर, नोंदवही आणि कपाटातून काढलेले ते सहीचे अंदाज, चुकलेलेसुद्धा. एका परीक्षकांनी विचारलं की मग निष्कर्ष काय, काळा का लाल? मुलगी म्हणाली, "सर, रंगाचं सांगता येत नाही, आमचे सहाच माठ हायेत, पण जो जास्त पाणी उडवते तो जास्त थंडा करते, हे सांगता येते." शाळेतल्या मुलीकडून याच्याहून चांगलं उत्तर मला नको.

आता पुढचा प्रश्न पोरांनीच काढलाय आणि तो अगदी आमच्याच मातीतला आहे. आमचा भाग पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला, बोअरचं पाणी खारं. जुन्या माठांवर बाहेरून पांढरा क्षार धरतो आणि मग माठ गार करेनासा होतो, हे सगळ्यांच्या घरचं. तर खाऱ्या पाण्यानं माठ लवकर बुजतो का? सहा नवे माठ त्याच कुंभाराकडून, सगळ्यांची आधी आठवडाभर सारख्या पाण्यावर परीक्षा, म्हणजे जन्मतः कोण कसा ते कळेल. मग चिठ्ठ्या टाकून तिघांना बोअरचं पाणी, तिघांना नळाचं, आणि दर सोमवारी आठ ते दोनमधली वजनाची घट. पावसाळ्यात हवा दमट झाली की सगळ्यांचीच घट कमी होणार, तेव्हा आकडे फक्त त्याच दिवशीच्या दुसऱ्या माठांशी ताडायचे. दोन्ही पाण्यांतला क्षार मोजायला एक-एक लिटर पाणी पातेल्यात आटवून खाली काय उरतं त्याचं वजन करू असं ठरलंय, पण त्याला भाजीचा काटा पुरणार नाही, एक ग्रॅमच्या खालचं मोजणारा लागेल. सराफाच्या दुकानात असतो तसा. एका मुलीचा मामा सराफाकडे कामाला आहे, ती विचारून येणार आहे.